लादी पुसणारा रोबो : आधी घर मोजा, मग पैसे मोजा



या सदरात आपण घरखर्चाचे हिशोब मांडत आलो आहोत. आजचा विषय वाचून काही मंडळी हसतील. केर काढणारा आणि लादी पुसणारा रोबो घ्यावा की नाही, आणि घ्यायचाच तर कोणता, हा तो विषय. 'हे पैसेवाल्यांचे खेळणे, आपल्या घरात त्याचे काय काम?' असे मलाही वाटत होते. परंतु प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातून आला आणि एका रविवारी मला मापाची टेप खिशात घालून वरळीला जावे लागले.

आक्का लग्न झाल्यापासून वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची एक खोली, त्यातच चूल, त्यातच अंथरूण, त्यातच मुलांचा अभ्यास. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आक्काचेही घर होते. आम्हा सर्वांना केवढा आनंद झाला! पण त्या आनंदात एक हिशोब कोणीच केला नाही. पुसायची लादी तिप्पट झाली, पुसणारीचे गुडघे मात्र तेच राहिले.

आक्काने सव्वीस वर्षे लोकांच्या घरी केर, लादी, भांडी केली. त्याच पैशांवर मुलगा शिकला. आता डॉक्टरांनी तिला उकिडवे बसायला बंदी केली आहे. सून सकाळी आठला कामावर निघते, भाच्याची पाळीची नोकरी. मग दुपारी घरात कोणी नसताना आक्का बादली आणि फडके घेऊन बसतेच. संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळत बसते आणि 'काही नाही रे, हवा बदलली' म्हणते.

भाच्याने मोबाईलवर ३२ हजारांचा रोबो पाहून ठेवला. बारा हप्ते, बिनव्याजी. आक्का ऐकून भडकली. म्हणाली, "सव्वीस वर्षं लोकांच्या लाद्या पुसल्या. आता कुठं स्वतःची लादी मिळाली, तर ती मशीनच्या हवाली करू होय?" घरात दोन दिवस अबोला. शेवटी भाच्याचा फोन आला, "मामा, तुम्हीच या आणि काय तो निकाल लावा."

निकाल लावण्याआधी वस्तू समजून घेतली पाहिजे. ती माहिती आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून देतो.

हे यंत्र करते काय?

१९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्ज कंपनीचे विक्रेते दारोदार फिरून धूळ ओढणारे यंत्र दाखवीत, हे पुष्कळांना आठवत असेल. ते यंत्र माणसाने हातात धरून फिरवायचे. रोबो स्वतःच फिरतो. जाडजूड भाकरीच्या आकाराची ही चकती साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर रुंद असते. खाली दोन चाके, मध्ये गोल फिरणारा ब्रश, कडेला केर आत ओढणारा छोटा ब्रश, पोटात केराचा डबा आणि मागे पाण्याची छोटी टाकी व ओले फडके. काम झाले की यंत्र स्वतः आपल्या जागेवर जाऊन चार्जिंगला लागते.

यांत मुख्य तीन जाती आहेत. सर्वांत स्वस्त यंत्र भिंतीला धडकते, वळते आणि जिकडे तोंड होईल तिकडे जाते. एका खोलीत ते चालते, पण दोन-तीन खोल्यांत एक जागा चारदा झाडते आणि दुसरी तशीच सोडते. दुसरी जात नांगरणी केल्यासारखी सरळ रेघांत फिरते, पण वाट चुकू शकते. तिसऱ्या जातीच्या डोक्यावर लेसरची छोटी टोपी असते. ती घराचा नकाशा काढते, कोणती खोली झाली आणि कोणती राहिली हे लक्षात ठेवते. एकापेक्षा जास्त खोल्या असतील तर ही तिसरी जात घ्यावी, नाहीतर घेऊच नये, असे माझे मत झाले आहे.

पुसण्याचेही तसेच. साध्या यंत्रात ओले फडके नुसते मागून ओढले जाते. त्याने धूळ निघते, वाळलेला चहाचा डाग निघत नाही. काहींत फडके थरथरते, काहींत दोन गोल फडकी दाब देऊन फिरतात. फिरणारी फडकी जास्त चांगली पुसतात. तरीही स्वयंपाकघरातील फोडणीचा चिकटा हाताने किंवा दांड्याच्या मॉपने घासल्याशिवाय जात नाही, हे पक्के समजावे.

आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याची गंमत सांगतो. लहान मुलाने आमटीची वाटी सांडली आणि नेमके त्याच वेळी यंत्र ठरल्या वेळेला सुरू झाले. घरची मंडळी परत आली तेव्हा आमटी तिन्ही खोल्यांत समान वाटली गेली होती! ओले खरकटे, तेल, लहान मुलाची शी-शू हे आधी उचलून मगच यंत्र सोडावे. अगरबत्तीची जळती राख किंवा काडी तर त्याच्या वाटेत कधीही येऊ देऊ नये, कारण ती थेट केराच्या डब्यात ओढली जाते. आपल्या घरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती-अगरबत्ती असतेच. चौरंग खाली असेल तर तो कोपरा यंत्राला बंद करावा. मोबाईलवरच्या नकाशात तशी रेघ मारता येते.

घराचे माप

टेप घेऊन आम्ही पाच गोष्टी मोजल्या. आपणही एक पैसा देण्यापूर्वी त्या मोजाव्यात.

पहिली, सामानाखालची उंची. लेसरची टोपी धरून यंत्र साडेनऊ ते दहा सेंटिमीटर उंच असते. आक्काच्या नव्या सोफ्याखाली सातच सेंटिमीटर जागा निघाली, म्हणजे तेथे ते कधीच जाणार नाही. जुन्या दिवाणाखाली मात्र बारा सेंटिमीटर निघाले. आक्काला सर्वांत जास्त त्रास दिवाणाखाली वाकून केर काढण्याचाच होता. तेथे यंत्राचा पहिला खरा उपयोग दिसला.

दुसरी, उंबरठे. बहुतेक यंत्रे साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतचा चढ चढतात. गॅलरीची पट्टी तीन सेंटिमीटर होती. गॅलरी बाद.

तिसरी, रिकामी लादी. घर ५०० फुटांचे असले तरी न्हाणीघर, संडास, ओटा, कपाटे, पिंप, सोफा वजा केल्यावर यंत्राला फिरायला निम्म्यापेक्षा थोडीच जास्त जागा उरली.

चौथी, यंत्राची स्वतःची जागा. चार्जिंगच्या खोक्याच्या दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मीटर आणि पुढे मीटर-दीड मीटर मोकळे ठेवावे, असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत असते. जवळ प्लगही हवा. दहा बाय दहाच्या एका खोलीत ज्यांचा संसार आहे, त्यांनी येथेच थांबावे. त्या खोलीला रोबो नको. दांड्याचा चांगला मॉप आणि लांब दांड्याचा झाडू पाच मिनिटांत तेच काम करतो आणि वाकवीतही नाही.

पाचवी, जमिनीवर पडलेल्या वस्तू. चार्जरच्या वायरी, पायपुसण्याच्या दशा, परकराची नाडी, मुलांचे मणी हे सर्व ब्रशमध्ये अडकते. बायकांचे केस तर गुंडाळले जातातच. ते आठवड्याला कात्रीने कापून काढावे लागतात. अगदी काळ्या लादीवर काही यंत्रांना खड्डा असल्याचा भास होतो आणि ती पुढे सरकत नाहीत. काळी लादी असेल तर दुकानदाराला हे आधी विचारावे.

जाहिरातीतले आकडे

जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा असतो पास्कलचा, म्हणजे ओढण्याच्या जोराचा. कोणी पाच हजार लिहितो, कोणी वीस हजार. मोठा जोर मुख्यतः गालिच्यातील धूळ काढायला लागतो. आपल्या घरांत गालिचे नाहीत, गुळगुळीत लाद्या आहेत. तेथे दोन-तीन हजार पास्कलही पुरतात. या आकड्यासाठी जास्तीचे दहा हजार मोजू नयेत.

दुसरे आकर्षण म्हणजे स्वतः केर रिकामा करणारे आणि फडके धुणारे मोठे खोके. ते सोयीचे आहे हे खरे. पण त्याने किंमत बरीच वाढते, एका लहान कपाटाएवढी जागा जाते, केराच्या पिशव्या पुन्हा विकत आणाव्या लागतात आणि घाण पाण्याची टाकी वेळेवर ओतली नाही तर वास सुटतो. धुण्याचे काम संपत नाही, नुसते दुसरीकडे जाते.

तिसरे, कॅमेरा. काही यंत्रे कॅमेऱ्याने पाहून चालतात. चाचणीसाठी दिलेल्या अशा यंत्रांनी घरात टिपलेली खाजगी छायाचित्रे बाहेर फुटल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले होते. घरात लेकी-सुना वावरतात. लेसरवाले, बिनकॅमेऱ्याचे यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावे.

चौथी गोष्ट जाहिरातीत नसते, पण मी तिला फार महत्त्व देतो. यंत्रावर साधे बटण आहे का? नकाशा काढायला मोबाईल आणि वायफाय लागते, तेही बहुधा २.४ गिगाहर्ट्झचे. पण रोज दुपारी ज्या बाईला ते चालवायचे आहे, तिला एक बटण दाबून सुरू आणि एक दाबून परत पाठवता आले पाहिजे. नाहीतर मुलगा घरी येईपर्यंत यंत्र कोपऱ्यात आणि बाई फडक्यापाशी, असे व्हायचे.

पैशाचा हिशोब

आता माझ्या आवडीचा भाग. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दाला भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे. होते ते असे. ३२ हजारांची वस्तू बारा हप्त्यांत घेतली आणि बँकेचे व्याज १५ टक्के धरले, तर साधारण २,४५० रुपये व्याज होते. तेवढी सूट विक्रेता आधी देतो, म्हणून बेरीज ३२ हजारच दिसते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ४४० रुपये, आपल्या माथी येतात. वर प्रक्रिया शुल्क वेगळे. शिवाय रोख घेणाऱ्याला जी सवलत मिळाली असती ती गेली. एक हप्ता चुकला तर दंड आणि व्याज खरेच सुरू होते.

शिवाय यंत्राची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. आम्ही २२ हजारांचे साधे लेसरचे यंत्र धरून असा हिशोब लिहिला. पाच वर्षे टिकले तर वर्षाला ४,४०० रुपये. ब्रश, गाळणी, फडकी मिळून वर्षाला २,००० धरले. पाच वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागेल म्हणून वर्षाला ६००. वीज फारच थोडी लागते. रोज तासभर चालून आणि दिवसभर प्लगला राहून महिन्याला चारेक युनिट, म्हणजे वर्षाला ४०० च्या आसपास. एकूण ७,४०० रुपये, म्हणजे दिवसाला वीस रुपये. तीन वर्षांतच बंद पडले तर हाच आकडा तिसाच्या आसपास जातो.

आक्का हा हिशोब लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "वीस रुपये होय? माझ्या गुडघ्याच्या गोळ्यांना त्याहून जास्त लागतात." एवढेच बोलली आणि चहा टाकायला उठली.

दुरुस्ती कोण करणार?

वर सांगितलेल्या सहकाऱ्याचा पुढचा अनुभवही ऐका. चौदा महिन्यांनी ब्रश फिरायचा थांबला. हमी बारा महिन्यांची. सेवा केंद्र दुसऱ्या शहरात. यंत्र कुरिअरने पाठवा म्हणाले, आणि सुटा भाग मिळायला सात आठवडे लागले. म्हणून घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. सेवा केंद्र आपल्या शहरात आहे का? गाळणी, ब्रश, फडकी, बॅटरी आज सुटी मिळतात का आणि कितीला? बॅटरीची हमी किती? मोठ्या नावावरही डोळे मिटून जाऊ नये. २००२ साली 'रूम्बा' हे यंत्र आणून हा धंदा घराघरांत नेणारी अमेरिकेतील आयरोबोट कंपनी डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली.

पक्के बिल घ्या आणि जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा. पुष्कळ वेळा तेथेच मार्ग निघतो.

आणखी एक विनंती. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते, आणि त्या गाडीवर कोण काम करते हे आपल्याला सांगायला नको. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच ती द्यावी.

घरकाम करणाऱ्या भगिनींसाठी

आपल्या वाचकांत लोकांच्या घरी काम करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. 'बाई, आता मशीन आणली, लादीचे पैसे कमी करा,' असे काहींना ऐकावे लागेल. तेव्हा घाबरून लगेच मान हलवू नका. यंत्र सोडण्याआधी खुर्च्या कोण उचलणार, डबा कोण ओतणार, फडके कोण धुणार, ब्रशमधले केस कोण काढणार, कोपरे आणि स्वयंपाकघर कोण पुसणार, हे एकेक विचारा. ही कामे तुम्हीच करणार असाल तर तो मोबदला वेगळा ठरवून घ्या. यंत्र बिघडले तर भरपाई तुमच्या पगारातून नाही, हेही आधीच बोलून घ्या. महाराष्ट्रात २००८ सालापासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. नोंदणी केली नसेल तर चौकशी करून करून घ्या.

शेवटी काय ठरले?

मी भाच्याला सांगितले, हप्त्यावर नको. आणि यंत्र येईपर्यंत आईच्या हातातले फडके आजच काढून घे. दुसऱ्याच दिवशी पिळायच्या बादलीचा दांड्याचा मॉप आला. पाळी ठरली : स्वयंपाकघर भाच्याकडे, बाहेरची खोली सुनेकडे, रविवारी दोघांनी मिळून. भाचा पहिल्या आठवड्यात कुरकुरला, दुसऱ्यात गप्प झाला. स्वतः पुसायला लागल्यावर त्याला घराचे खरे क्षेत्रफळ कळले. दरमहा साडेपाच हजार बाजूला टाकून चार महिन्यांनी २२ हजारांचे यंत्र रोख आणले. डबा ओतणे आणि फडके धुणे हे भाच्याचे काम, हे त्याच दिवशी लिहून भिंतीला लावले. कारण यंत्र आले म्हणजे पुरुष मोकळा झाला, असे होता कामा नये.

गेल्या रविवारी मी पुन्हा गेलो होतो. आक्काने खुर्चीत बसूनच बटण दाबले. यंत्र दिवाणाखाली गेले, बाहेर आले, भिंतीकडेने फिरले. ती बारीक नजरेने पाहत होती, जशी पूर्वी तिच्याकडे कोणी पाहत असे.

"कसं काय, आक्का?" मी विचारले.

"बरंय," ती म्हणाली. "पण कोपरे सोडतं. मला नव्हते कधी सोडू दिले कोपरे."

मग उठली, दांड्याचा मॉप घेतला आणि चौरंगाजवळचा कोपरा उभ्यानेच पुसला. तो कोपरा ती कोणाला देत नाही. आम्हीही मागितला नाही.

तेव्हा मंडळी, मोठे यंत्र घेण्याची घाई नको आणि 'आपल्याला हे शोभत नाही' असा संकोचही नको. घर दोन-तीन खोल्यांचे आहे, लादी गुळगुळीत आहे, वाकणारीचे हाडपेर दुखते आहे आणि पैसे रोख आहेत, अशा चारही गोष्टी जुळल्या तर जरूर घ्यावे. एक जरी कमी पडली तर दांड्याचा मॉप आणा आणि घरातल्या धडधाकट माणसाच्या हातात द्या. रोज घरात वाकते कोण, हे आधी पाहा. हिशोब तेथूनच सुरू होतो.

जयभीम.